अशोकाचे दूत आणि लंकेत रुजलेलं धम्माचं मूळ



आमच्या विहारात रविवारी मुलांचा वर्ग भरतो. कलिंगाच्या लढाईचा धडा संपला तेव्हा मागे बसलेल्या एका मुलाने विचारलं, "अशोकाने लढाई सोडली, मग एवढे देश बौद्ध कसे झाले? आणि तिथल्या लोकांनी आपल्या माणसांचं का ऐकलं?" प्रश्न साधाच, पण आम्ही मोठी माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो. महेंद्र आणि संघमित्रा लंकेला गेले, एवढं उत्तर सगळ्यांना येतं. पण गेले आणि केलं काय? विहाराच्या वर्धापनदिनाच्या या स्मरणिकेत त्याच प्रश्नाचं उत्तर मांडण्याचा आमचा हा अल्पसा प्रयत्न आहे.

राजाचा दूत ही गोष्ट अशोकाच्या आधीपासून होती. अशोकाचे आजोबा चंद्रगुप्त मौर्य यांच्या दरबारी मेगॅस्थेनिस हा ग्रीक वकील आला होता. वडील बिंदुसार यांच्याकडे डायमॅकस आला होता. नजराणा द्यायचा, तह करायचा, आणि राहता राहता समोरच्याचे बळ किती ते पाहून घ्यायचे, हे दूताचे काम. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तर परक्या राज्यातले किल्ले, सैन्य आणि खजिना यांची माहिती दूताने काढावी असे सरळ सांगितले आहे. म्हणजे दूत पुढे आणि फौज मागे, असा तो हिशेब होता.

इ.स.पू. २६१ च्या सुमारास कलिंगाचे युद्ध झाले. एक लाख माणसे मारली गेली आणि दीड लाख माणसे कैद करून नेली गेली, हे अशोकाने स्वतःच तेराव्या शिलालेखात कोरून ठेवले आहे. जिंकलेल्या राजाने पश्चात्ताप दगडावर कोरावा, असे दुसरे उदाहरण सापडणे कठीण. त्याच लेखात तो सांगतो की धम्माने मिळवलेला विजय हाच खरा विजय. हा विजय कुठे कुठे मिळाला त्यांची नावेही त्याने दिली आहेत. सीरियाचा अंतियोक, इजिप्तचा तुरमाय, मॅसिडोनियाचा अंतिकिनि, सायरीनचा मग आणि अलिकसुंदर असे पाच यवन राजे, दक्षिणेला चोळ आणि पांड्य, आणि पार ताम्रपर्णीपर्यंत. ताम्रपर्णी म्हणजे आजची श्रीलंका.

मग हे दूत तिकडे जाऊन काय करीत? याचे उत्तर दुसऱ्या शिलालेखात आहे. माणसांसाठी आणि जनावरांसाठी औषधोपचाराची सोय केली, औषधी वनस्पती, मुळे आणि फळझाडे जिथे नव्हती तिथे पाठवून लावली, रस्त्यांवर विहिरी खोदल्या आणि झाडे लावली, असे त्यात लिहिले आहे. ही सोय आपल्या राज्यापुरती नव्हती. शेजारच्या राज्यांत, ताम्रपर्णीत आणि अंतियोक राजाच्या मुलखातही ती केल्याचे अशोक सांगतो. अहो, परक्याच्या मुलखात आजारी बैलासाठी औषध पाठवणारा राजा! लोकांनी का ऐकलं, या त्या मुलाच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच मिळतं.

भाषेचीही काळजी होती. १९५८ साली अफगाणिस्तानात कंदाहारजवळ अशोकाचा एक लेख सापडला, तो ग्रीक आणि अरेमाइक अशा दोन भाषांत आहे. ज्याला सांगायचं त्याच्या भाषेत सांगायचं, हा तथागतांचाच धडा अशोकाने गिरवला.

इथे एक फरक लक्षात घ्यायला हवा. राजाने पाठवलेले ते राजदूत आणि संघाने पाठवलेले ते धम्मदूत. पाटलिपुत्राला मोग्गलिपुत्त तिस्स थेरांच्या अध्यक्षतेखाली तिसरी संगीती झाली. त्यानंतर भिक्खूंना नऊ प्रदेशांत पाठवल्याचे महावंस सांगतो. त्यात आपलाही मुलूख आहे बरं का! महारट्ठात महाधम्मरक्खित थेर आले, आणि अपरांतात, म्हणजे कोकणपट्टीत, योनक धम्मरक्खित आले. योनक म्हणजे यवन, ग्रीक. एक ग्रीक भिक्खू आपल्या कोकणात धम्म सांगायला आला होता! मुंबईजवळच्या सोपाऱ्याला अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे सापडले, एक १८८२ साली आणि दुसरा १९५६ साली. तेव्हा परदेशी धम्म पाठवणाऱ्यांत आपण होतो तसेच धम्म स्वीकारणाऱ्यांतही होतो.

बाबासाहेबांनी आपल्याला चिकित्सा शिकवली, म्हणून हेही सांगितलं पाहिजे. महावंस हा ग्रंथ इ.स. च्या पाचव्या शतकात, घटनेनंतर सातशे वर्षांनी लिहिला गेला. त्यात चमत्कार पुष्कळ आहेत. महेंद्र थेर आकाशमार्गे लंकेत उतरले असे तो म्हणतो. त्यावर विश्वास ठेवायची गरज नाही. पण सगळंच बनावट म्हणून टाकूनही देता येत नाही. हिमालयाकडे गेलेल्या थेरांची नावे कोरलेले अस्थिकरंडक सांचीच्या परिसरातील स्तूपांत कनिंगहॅम यांना १८५१ साली मिळाले. श्रीलंकेत राजगल येथे फार जुना ब्राह्मी लेख आहे, त्यात या बेटावर आलेल्या इद्दिक थेर आणि महेंद्र थेर यांच्या स्तूपाचा उल्लेख आहे. चमत्कार गाळले तरी माणसं उरतात, आणि त्यांचं कामही उरतं.

आता लंकेची गोष्ट पाहू. पहिले पाऊल अशोकाने नव्हे, लंकेच्या राजाने टाकले. देवानंपिय तिस्स गादीवर आला तेव्हा त्याने मोती आणि रत्नांचा नजराणा देऊन आपले वकील अशोकाकडे धाडले. त्यांचा प्रमुख होता राजाचा भाचा महाअरिट्ठ. सोबत पुरोहित, एक मंत्री आणि एक हिशेबनीस. जंबुकोल बंदरातून ही मंडळी निघाली आणि समुद्र ओलांडून पाटलिपुत्राला पोहोचली. तिथे ती पाच महिने राहिली. अशोकाने त्यांचा मानसन्मान केला आणि परत जाताना राज्याभिषेकाचे साहित्य दिले. त्याबरोबर निरोपही दिला, की मी बुद्ध, धम्म आणि संघ यांना शरण गेलो आहे, मित्रा, तूही श्रद्धेने ते शरण घे. त्या निरोपात धमकी नाही आणि अटही नाही.

त्यानंतर, इ.स.पू. २५० च्या सुमारास, महेंद्र थेर लंकेला आले. त्यांच्याबरोबर चार थेर, संघमित्रेचा मुलगा सुमन सामणेर आणि भंडुक नावाचा एक उपासक एवढीच मंडळी होती. भंडुकाला बरोबर घेण्याचे कारण मोठे गमतीचे आहे. मुंडण केलेली, चीवर नेसलेली माणसे पाहून लोक बिचकतील. संसारी कपड्यातला माणूस बरोबर असला म्हणजे ही माणसेच आहेत अशी त्यांची खात्री पटेल. परक्या गावात जाताना समोरच्याच्या मनातली भीती आधी ओळखावी लागते, ती अशी.

ज्येष्ठ पौर्णिमेचा दिवस होता. तिस्स राजा आजच्या मिहिंतलेच्या डोंगरावर शिकारीला गेला होता. थेरांनी लगेच प्रवचन सुरू केले नाही. त्यांनी समोरच्या आंब्याच्या झाडावरून राजाला प्रश्न विचारले. हे झाड कोणते? याशिवाय दुसरे आंबे आहेत का? आंब्याशिवाय दुसरी झाडे आहेत का? आणि ते सगळे आंबे व ती सगळी झाडे सोडून आणखी एखादे झाड आहे का? राजा म्हणाला, हेच समोरचे आंब्याचे झाड. राजा विचार करू शकतो हे पाहून मगच थेर धम्म सांगू लागले. आधी बुद्धी जागी आहे का ते पाहायचं, मग बोलायचं. आमच्या मते धम्मदूताचं हे पहिलं काम.

राहण्याची जागा निवडतानाही विचार होता. नगराला अगदी लागून असलेली बाग थेरांना योग्य वाटली नाही, आणि डोंगर लोकांना दूर पडत होता. तेव्हा ना फार जवळ ना फार लांब असे महामेघवन राजाने संघाला दान दिले. राजाशी मैत्री, पण राजवाड्यात मुक्काम नाही.

पुढे राजघराण्यातील अनुला आणि तिच्याबरोबरच्या स्त्रियांनी प्रव्रज्या मागितली. महेंद्र थेर म्हणाले, स्त्रियांना प्रव्रज्या देण्याचा आम्हाला अधिकार नाही, माझी बहीण संघमित्रा हिला बोलवा. पुन्हा अरिट्ठच वकील म्हणून पाटलिपुत्राला गेला. या वेळी त्याने मामापुढे एक अट ठेवली, परत आल्यावर मला भिक्खू होऊ द्यावे. संघमित्रा थेरी ताम्रलिप्ती बंदरातून जहाजाने निघाल्या, त्या बोधिवृक्षाची फांदी घेऊन. ती अनुराधपुरात लावली गेली आणि ते झाड आजही तिथे आहे. अनुलेला प्रव्रज्या मिळाली. मोत्यांचा नजराणा घेऊन गेलेला वकील अरिट्ठ चीवर नेसून भिक्खू झाला.

यानंतरची गोष्ट आम्हाला सगळ्यात मोलाची वाटते. विनयपिटकाच्या अट्ठकथेत ती आली आहे. राजाने महेंद्र थेरांना विचारले, आता शासन लंकेत स्थिर झाले ना? विहार झाले, स्तूप उभा राहिला, बोधिवृक्षही लागला. दुसरा कोणी असता तर हो म्हणाला असता. थेर म्हणाले, स्थिर झाले, पण त्याची मुळे अजून खाली गेलेली नाहीत. राजाने विचारले, ती कधी जातील? उत्तर असे होते की याच बेटावरच्या आईबापांच्या पोटी जन्मलेला मुलगा इथेच प्रव्रजित होईल, इथेच विनय शिकेल आणि इथेच तो लोकांना सांगेल, तेव्हा मुळे रुजली असे समजा. आणि मग अरिट्ठाने अनुराधपुरात विनय सांगितला.

विचार करा, मंडळी. परदेशात गेलेला दूत सांगतो की माझं काम मी बोलत राहण्यात पूर्ण होत नाही, माझ्याशिवाय तुम्ही बोलू लागाल तेव्हा ते पूर्ण होईल. महेंद्र थेर पुढे शेवटपर्यंत लंकेतच राहिले, सुमारे ४८ वर्षे. संघमित्रा थेरींचेही परिनिर्वाण तिथेच झाले.

लंकेने ती ठेव नुसती जपली नाही, वाढवली. इ.स.पू. पहिल्या शतकात तिथल्या आलुविहारात तिपिटक पहिल्यांदा लिहून काढले गेले. पाचव्या शतकात लंकेच्या भिक्खुणी चीनला गेल्या आणि त्यांच्यामुळे तिथे भिक्खुणी संघाची रीतसर उपसंपदा झाली. पुढे लंकेतला भिक्खुणी संघ लोपला. भिक्खू संघाची परंपराही खुंटली, तेव्हा १७५३ साली सयामहून भिक्खू आणून ती पुन्हा सुरू करावी लागली. १९९६ साली सारनाथला आणि १९९८ साली बोधगयेला श्रीलंकेच्या स्त्रियांना पुन्हा उपसंपदा मिळाली, तेव्हा त्यात कोरिया आणि चिनी परंपरेतल्या भिक्खुणींचा हात होता. संघमित्रेने दिलेलं कर्ज असं फिरून फेडलं गेलं. आणि हेही विसरू नये की त्याच देशात १९८३ ते २००९ भीषण यादवी युद्ध झालं. मूळ रुजलं म्हणजे झाडाला पाणी घालायचं थांबवावं असं नाही.

आपल्याकडे तर मूळच उपटलं गेलं होतं. ते परत रुजवायला बाहेरचे दूत आले. १८९१ साली अनागारिक धर्मपाल श्रीलंकेहून बोधगयेला आले आणि महाबोधी सोसायटीचं काम उभं राहिलं. परमपूज्य बाबासाहेब १९५० साली श्रीलंकेला, १९५४ साली ब्रह्मदेशाला आणि १९५६ च्या नोव्हेंबरात काठमांडूला बौद्धांच्या जागतिक परिषदांसाठी गेले. त्याआधी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, अशोक विजयादशमीला, नागपुरात त्यांना दीक्षा दिली ती ब्रह्मदेशात जन्मलेल्या भदंत चंद्रमणी महास्थवीरांनी. दीक्षाभूमीवरचा बोधिवृक्षही अनुराधपुरातून भदंत आनंद कौसल्यायन यांनी आणलेल्या फांद्यांचा आहे. आपण पाठवलेली फांदी आपल्याच अंगणात परत आली.

पण बाबासाहेबांनी लाखो लोकांना दीक्षा स्वतः दिली, आपल्या माणसाने आपल्या भाषेत, हे आम्हाला महेंद्र थेरांच्या त्या उत्तराशी फार जवळचं वाटतं. मूळ रुजवण्याची सुरुवात त्यांनी करून दिली. पुढचं काम आपल्याकडे आहे.

म्हणून आज स्वतःलाच विचारावंसं वाटतं. विहाराला फरशी बसली, रंग लागला, मूर्ती आली, लाउडस्पीकर आला. बुद्ध जयंतीला खीर वाटली जाते, सहा डिसेंबरला मेणबत्त्या लागतात. हे सगळं हवंच. पण मुळं खाली गेली का? आपल्या वस्तीत जन्मलेली किती मुलं-मुली त्रिशरण-पंचशील अर्थासकट सांगू शकतात? वंदना घ्यायला बाहेरून कोणी येईपर्यंत आपण हात जोडून वाट बघत बसतो का? घरात वाद झाला, शेजाऱ्याशी भांडण झालं, तेव्हा पंचशील आठवतं का?

ज्या मुलाने तो प्रश्न विचारला त्याला आम्ही पुढच्या रविवारी ही सगळी गोष्ट सांगितली. मग त्यालाच उभं केलं आणि म्हटलं, आता तू सांग. तो अडखळला, अरिट्ठाचं नाव विसरला, पण आंब्याच्या झाडाचे प्रश्न त्याने बरोबर सांगितले. मागे बसलेल्या बायका हसल्या, टाळ्या पडल्या. येत्या ज्येष्ठ पौर्णिमेला वंदना आणि गोष्ट दोन्ही मुलांनीच सांगायची, असं त्याच दिवशी ठरलं. आपण सर्वांनी मुलाबाळांसह यावं आणि पुढे बसून ऐकावं, ही नम्र विनंती.

जय भीम! नमो बुद्धाय!