हद्दीपलीकडची आई

आमच्या घरात जन्म, लग्नं, मरणं यांचे सन कुणी सांगत नसे. थोरले काका कधी झाले असं विचारलं, की आज्जी म्हणायची, "नाका व्हता तवा." आणि आत्या? "नाका उठला, त्याच्या दुसऱ्या कोजागिरीला." हा नाका निजामाचा, सोलापूर-तुळजापूर वाटेवरचा. आज्जीच्या आयुष्याचे दोन भाग त्यानेच पाडले होते, आणि बाकीचं सगळं ती त्याच्या अलीकडे-पलीकडे लावून ठेवायची.

सोलापूर इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात आणि तुळजापूर निजामाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात. मधे अंतर जेमतेम ४५ किलोमीटर. पण आमची कुलस्वामिनी दुसऱ्याच्या राज्यात. लग्न झालं, बाळ झालं, नवीन माग घेतला, काहीही झालं तरी ओटी भरायला जायचं ते हद्द ओलांडूनच. आज्जीला यात काही विशेष वाटत नसे. "हद्द राजाची आसती. आईला कसली हद्द?" एवढं म्हणून ती पुढचं सांगायला लागायची.

पुढचं म्हणजे बहुतेक वेळा शिदोरीचं. ज्वारीच्या कडक भाकरी दोन दिवस आधीच करून ठेवायच्या. त्या कुरकुरीत, पापडासारख्या, महिनाभर टिकतील अशा. उखळात कुटलेली, तेल सुटलेली शेंगाची चटणी. पोरांसाठी दुधात मळलेल्या दशम्या. लसूण मात्र चटणीत बेताचाच, कारण सासूबाईंचा उपवास. (सासूबाईंना मुळात लसूणच आवडत नव्हता, उपवास निमित्ताला, असं चुलत आज्जी सांगायची. आज्जी ते कधी कबूल करत नसे.) पितळी तांब्याला ओलं फडकं गुंडाळायचं, ओटीचं सामान वेगळ्या गाठोड्यात बांधायचं, आणि दुपार कलली की सोलापूरच्या तुळजापूर वेशीबाहेरच्या रूपाभवानीला नमस्कार करून अनवाणी चालू लागायचं. आजोबा गिरणीतली पाळी संपवून हिप्परग्याच्या तळ्यापाशी गाठायचे. तळ्यावर शिदोरी सोडायची, पाय धुवायचे, चांदणं वर आलं की पुन्हा वाट धरायची.

दर वर्षीची ही वाट कोजागिरीलाच का, हे मी एकदा विचारलं होतं. तुळजाभवानीची मूर्ती चल आहे, ती सिंहासनावरून हलवता येते. वर्षातून तीनदा देवी पलंगावर निजते, आणि नवरात्रभर महिषासुराशी लढून दमल्यावर दसऱ्यापासून पौर्णिमेपर्यंतची ती श्रमनिद्रा. तो पलंग आणि देवीची पालखीसुद्धा तुळजापुरात घडत नाहीत. पलंग पुणे जिल्ह्यातल्या घोडेगावाहून निघतो, पालखी नगरजवळच्या बुऱ्हाणनगरहून येते, आणि पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली घराणी ती सेवा करतात. पौर्णिमेच्या पहाटे देवी पुन्हा सिंहासनावर बसते. त्या पहाटेला सोलापूरच्या मानाच्या काठ्या तिथे पोचलेल्या असतात. आज्जीच्या भाषेत हे इतकंच होतं: "दमून निजलेली आई उठती, तवा लेकरू समोर नको व्हय?"

नाका यायचा तामलवाडीच्या अलीकडे. तिथे करोडगिरीचे, म्हणजे निजामाच्या जकातीचे शिपाई गाठोडी उघडायला लावत. बाहेरून येणाऱ्या मालावर शंभराला पाच हा तिथला जुना दर. आणि सोलापूरकराच्या गाठोड्यात कापड नसेल तर काय असेल? ओटीचं नवंकोरं लुगडं बघून कारकून उर्दूत काहीबाही विचारायचा. कधी पैसे घ्यायचा, तर कधी खण-नारळ, हळदकुंकू दिसलं की हातानेच 'जा' म्हणायचा. माझ्या वडिलांच्या सांगण्यात हा कारकून फार कडक होता. आज्जीच्या सांगण्यात तो भला होता. दोन वेगळे कारकून असतील, किंवा कडकपणाचा आणि भलेपणाचा दिवस वेगवेगळा असेल.

नाणंही पलीकडे बदलायचं. तिकडे चारमिनारवाला हाली सिक्का. इंग्रजांचे सहा रुपये दिले की हालीचे सात मिळायचे. आज्जी शाळेत गेली नव्हती, पण हा सहा-सातचा हिशेब शेवटपर्यंत तिच्या बोटांवर होता. देवीपुढे ती दोन्ही नाणी ठेवायची, एक राजाच्या तोंडाचं, एक चारमिनारचं. "दोगं बी तिचीच लेकरं," म्हणायची.

मग १९४७ चं साल आलं. इकडे तिरंगा लागला, तिकडे निजाम भारतात यायला तयार नव्हता. रझाकारांच्या धाकाने पलीकडची माणसं बैलगाड्यांत संसार घालून बार्शी-सोलापूरकडे येऊ लागली. आमच्याही वाड्यात ओसरीवर एक कुटुंब महिनोन्‌महिने राहिलं. त्यांची म्हातारी रोज संध्याकाळी तुळजापूरच्या दिशेला तोंड करून दिवा ओवाळायची. त्या वर्षीच्या कोजागिरीबद्दल घरात दोन कथा आहेत. आज्जी म्हणे, आम्ही गेलोच नाही. चुलत आज्जी म्हणे, हिप्परग्यापर्यंत गेलो आणि पुढून परतणाऱ्या माणसांचं ऐकून मागे फिरलो. ओटी मात्र रूपाभवानीला भरली, यावर दोघींचं एकमत होतं.

पुढे इतिहासाची पुस्तकं हाती आली तेव्हा त्या ओटीला जुनी सोबत सापडली. शिवाजीमहाराजांच्या काळीही तुळजापूर परक्या राज्यात, आदिलशाहीत होतं. भोसल्यांच्या कुलस्वामिनीपर्यंतची वाट सुरक्षित नव्हती, म्हणून १६६१ मध्ये महाराजांनी प्रतापगडावर भवानीची स्थापना केली. आईपर्यंत जाता आलं नाही तर आईला जवळ आणायचं. गडावर मंदिर उभारणारा राजा आणि वेशीबाहेरच्या देवळात ओटी भरून डोळे पुसणारी गिरणीकामगाराची बायको, दोघांनी एकच गोष्ट केली. आज्जीला मी हे सांगितलं तेव्हा ती लाजली, आणि दिवसभर खुशीत होती.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या. मुख्य फळी सोलापूरहूनच निघाली. पहिल्याच दिवशी नळदुर्ग आणि तुळजापूर त्यांच्या हाती आलं, आणि १७ तारखेला निजाम शरण आला. सोलापुरात रस्त्यारस्त्यावर पेढे वाटले, असं आजोबा सांगत. महिन्याभराने कोजागिरी आली. त्या रात्री रस्ता माणसांनी भरून वाहत होता. "नाक्यापाशी मी आपसूक गाठोडं सोडाया लागले," आज्जी सांगायची, "तर मागून बायका म्हनल्या, आगं चल, आता कोन इचारतंय!" सगळ्यांनी तिथेच 'आई राजा उदो उदो' केलं. हे सांगताना तिचा आवाज दर वेळी भरून यायचा.

आणि दर वेळी, अगदी न चुकता, ती पुढचंही सांगायची. घाटाच्या पायथ्याला एक म्हातारा मणियार कंदील लावून बसायचा. देवीच्या ओटीचा हिरवा चुडा आज्जी त्याच्याकडूनच घ्यायची. तो भाव करू द्यायचा नाही आणि वर एक बांगडी जास्तीची द्यायचा, "ये अम्मा के नाम की" म्हणून. त्या कोजागिरीला त्याची जागा रिकामी होती. तिने आजूबाजूला विचारलं. कुणी उत्तर दिलं नाही. वडील म्हणत, तो सोलापूरला नातेवाइकांकडे निघून गेला असेल. आज्जी तसं कधी म्हणाली नाही.

रझाकारांनी गावं जाळली, माणसं मारली, हे खरं. आणि निजाम शरण आल्यावर मराठवाड्यात मुसलमानांच्या कत्तली झाल्या, हेही खरं. सरकारनेच पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने सर्वांत जास्त होरपळलेले म्हणून जे चार जिल्हे नोंदवले, त्यांत उस्मानाबाद होतं. तो अहवाल कित्येक दशकं प्रसिद्ध झाला नाही. आमच्या घरात मात्र त्यातलं एक पान आज्जी दर कोजागिरीला वाचून दाखवत होती, अक्षरओळख नसताना.

तेव्हापासून ती ओटीत एक बांगडी जास्तीची ठेवायची. देवीपुढे काय बोलायची ते कधी ऐकू आलं नाही. घाट चढून, कल्लोळ तीर्थावर हातपाय धुऊन, गर्दीत तासन्‌तास उभं राहूनही ती बांगडी तिने कधी फुटू दिली नाही.

आता कोजागिरीला सोलापूर-तुळजापूर रस्ता चालणाऱ्यांसाठी मोकळा ठेवतात. गावोगावची मंडळी चहा, केळी, फराळ हातात कोंबतात. नाका कुठे होता, हे चालणाऱ्या पोरांना माहीत नसतं. मी माझ्या नातवंडांना सांगतो. सहा रुपयांचे सात व्हायचे ते सांगतो, नाका उठल्याचा आनंद सांगतो आणि मणियाराचंही सांगतो. घरातले कधी म्हणतात, देवीच्या वाटेवर पोरांना असलं कशाला? पण आज्जीने त्या रात्रीची गोष्ट कधी अर्धी सांगितली नाही, आणि तिच्याहून मोठी भक्ती मी पाहिलेली नाही. म्हणून आमच्या घरची ओटी अजून तशीच भरली जाते: खण, नारळ, हिरवा चुडा आणि वर एक बांगडी. ती का, हे विचारल्यावर ज्याला सांगता येईल, त्यानेच ओटी हातात घ्यायची, असा आता आमच्या घरचा नेम आहे.