टाके काढणे
शिवलेल्या जखमेच्या कडा जुळल्यावर त्वचेतील धागा काढण्याची क्रिया. मुदत मुख्यतः जागेवरून ठरते. चेहऱ्याला रक्तपुरवठा भरपूर, म्हणून तिथले टाके ३ ते ५ दिवसांत निघतात; डोक्याचे ७ ते १०, पाय, तळवे व सांध्यांवरचे १० ते १४ दिवसांनी. घाई केल्यास जखम उसवते, उशीर झाल्यास धाग्याचे शिडीसारखे व्रण राहतात. मधुमेहात मुदत लांबते. टाके निघाले म्हणजे जखम पक्की झाली, हा समज चुकीचा. दोन आठवड्यांच्या जखमेत मूळ त्वचेच्या ताकदीचा जेमतेम दहावा भाग असतो.

सरदार सरोवराच्या पाण्याने वेढलेल्या मणिबेलीसारख्या (ता. अक्कलकुवा, जि. नंदुरबार) नर्मदाकाठच्या गावांत ही तारीख पाळणे सोपे नाही. या पट्ट्यात बोटीवरचा तरंगता दवाखाना फिरत आला आहे. एरवी होडी किंवा डोंगरवाट. म्हणून टाके घालतानाच पुन्हा येणे जमेल का, हे विचारलेले बरे. जमणार नसेल आणि जखम तशी असेल, तर आपोआप विरघळणारा धागा सोयीचा. पू, वाढती लाली, सूज वा ताप दिसल्यास मात्र तारखेची वाट न पाहता दवाखाना गाठावा.