एल्विरा नबिउलिना : रुबल सांभाळणाऱ्या बाई

१६ डिसेंबर २०१४. मॉस्कोत मध्यरात्र उलटली होती. रशियाच्या मध्यवर्ती बँकेने जाहीर केलं : मुख्य व्याजदर १०.५ टक्क्यांवरून थेट १७ टक्के. हा निर्णय घेणाऱ्या बँकेच्या प्रमुख होत्या एल्विरा नबिउलिना. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरचं जे पद, तेच रशियात २०१३ पासून त्यांच्याकडे आहे.

ड्रायव्हरच्या मुलीपासून मंत्रिपदापर्यंत

नबिउलिना यांचा जन्म २९ ऑक्टोबर १९६३ रोजी उफा शहरात एका तातार कुटुंबात झाला. वडील ड्रायव्हर, आई कारखान्यात कामाला. १९८६ मध्ये मॉस्को विद्यापीठातून त्यांनी अर्थशास्त्राची पदवी घेतली. पुढे आर्थिक विकास मंत्रालयात उपमंत्री आणि २००७ ते २०१२ या काळात त्याच खात्याच्या मंत्री. वर्षभर राष्ट्राध्यक्ष पुतिन यांच्या सहायक म्हणून काम केल्यावर जून २०१३ मध्ये बँकेची सूत्रं त्यांच्या हाती आली.

कडू औषध

२०१४ मध्ये क्रिमियावरून निर्बंध लागले, त्यात तेलाचे भाव कोसळले. रुबल सावरण्यासाठी गंगाजळीतले डॉलर किती दिवस ओतणार? नोव्हेंबरमध्ये त्यांनी रुबलचा भाव बाजारावर सोडला आणि डिसेंबरात व्याज वाढवलं. कर्जदार होरपळले, पण २०१७ पर्यंत महागाई ४ टक्क्यांच्या उद्दिष्टाखाली आली. या काळात शेकडो कमकुवत बँकांचे परवानेही रद्द झाले.

युद्ध आणि २१ टक्के

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला. पाश्चात्त्य देशांनी रशियाची सुमारे ३०० अब्ज डॉलरची, म्हणजे जवळपास निम्मी, गंगाजळी गोठवली. २८ फेब्रुवारीला व्याजदर ९.५ वरून २० टक्के झाला, परकीय चलन काढण्यावर मर्यादा आल्या. रुबल सावरला आणि सप्टेंबरपर्यंत दर ७.५ टक्क्यांवर उतरला. त्याच महिन्याच्या अखेरीस अमेरिकेने खुद्द नबिउलिना यांच्यावर निर्बंध लादले.

डॉलरचे व्यवहार अवघड झाल्याची झळ व्यापारालाही बसली. भारताशी काही व्यवहार रुपयात होऊ लागले. पण मे २०२३ मध्ये गोव्यात शांघाय सहकार्य संघटनेच्या बैठकीसाठी आलेले परराष्ट्रमंत्री लाव्हरोव्ह म्हणाले, भारतीय बँकांत आमचे अब्जावधी रुपये पडून आहेत, ते वापरता यायला हवेत.

इकडे रशियात युद्धावरचा खर्च फुगला, कामगार मिळेनात, महागाई पुन्हा चढली. ऑक्टोबर २०२४ मध्ये व्याजदर २१ टक्के झाला. एवढ्या व्याजात कारखाना चालवायचा कसा, असा सवाल सरकारी शस्त्र उद्योगाच्या प्रमुखांनीही जाहीरपणे केला. जून २०२५ पासून दर हळूहळू खाली येऊ लागला.

मग यश कुणाचं?

त्यांच्या कामाकडे दोन्ही बाजूंनी पाहिलं जातं. समर्थक म्हणतात, त्या नसत्या तर सामान्य रशियन माणसाची बचत मातीमोल झाली असती. टीकाकार म्हणतात, त्यांनी अर्थव्यवस्था सावरली म्हणूनच युद्ध चालू ठेवणं सरकारला परवडलं. खरं तर दोन्ही गोष्टी एकाच कामातून घडल्या. व्याजदर किती ठेवायचा हे त्यांच्या हाती आहे. महागाई ज्यामुळे भडकते तो युद्धखर्च मात्र त्यांच्या हाती नाही. २०२२ मध्ये मिळालेली त्यांची पाच वर्षांची तिसरी मुदत २०२७ मध्ये संपते.