येशूने काय केलं असतं?

'डब्ल्यू डब्ल्यू जे डी' अशी चार अक्षरं विणलेली मनगटपट्टी तुमच्यापैकी काहींनी पाहिली असेल. 1989 साली मिशिगनमधल्या हॉलंड गावात एका चर्चच्या मुलामुलींसाठी ती पहिल्यांदा तयार झाली आणि नव्वदच्या दशकात अमेरिकेत लाखोंनी खपली. आमच्या मावसभावाने तिकडून येताना मूठभर आणून घरात वाटल्या होत्या. अर्थ : येशूने काय केलं असतं? म्हणजे रोजच्या आयुष्यात अडलं की स्वतःला हा प्रश्न विचारायचा. कल्पना छान, पण मनगटावर बांधलेल्या प्रश्नाचा ताईत व्हायला वेळ लागत नाही, असं मला आपलं वाटतं. म्हणून तो आला कुठून ते शोधत गेले, तर एक भन्नाट माणूस सापडला.

चार्ल्स शेल्डन. 1889 पासून कॅन्सस राज्यातल्या टोपिका शहरात पाद्री. रविवारी संध्याकाळी लोक चर्चला येईनात, तेव्हा या गृहस्थाने प्रवचनाऐवजी स्वतः लिहिलेली कथा क्रमशः वाचायला सुरुवात केली. दर वेळी अशा जागी थांबायचं की पुढच्या रविवारी माणूस आलाच पाहिजे. (आपल्या मालिकावाल्यांनी गुरू मानावं असा!) 1896 साली वाचलेली अशीच एक कथा म्हणजे 'इन हिज स्टेप्स'. एक बेकार माणूस भर चर्चमध्ये उभा राहून विचारतो की, तुम्ही ही येशूच्या मागे जाण्याची गाणी म्हणता, त्याचा अर्थ काय? काही दिवसांत तो मरतो. मग गावातले काही जण शपथ घेतात, की वर्षभर हा प्रश्न स्वतःला विचारल्याशिवाय काहीही करायचं नाही. त्यात एक संपादक आहे, एक गायिका आहे, रेल्वेचा एक अधिकारी आहे. त्याला आपल्याच कंपनीची बेकायदा कामं दिसतात आणि नोकरी सोडावी लागते. पुस्तकाच्या कॉपीराइटमध्ये गफलत झाली, त्यामुळे वाटेल त्या प्रकाशकाने ते छापलं. खप अफाट, लेखकाच्या हाती त्यातलं फार थोडं.

आता खरी गंमत. टोपिकाच्या 'डेली कॅपिटल' या दैनिकाच्या मालकांनी शेल्डनला सांगितलं, कादंबरीत संपादक दाखवलात ना, मग आठवडाभर आमचा पेपर चालवून दाखवा. 13 ते 17 मार्च 1900. सुरुवात मंगळवारी, कारण सोमवारचा अंक काढायचा तर रविवारी काम करावं लागलं असतं. दारू, तंबाखू, पेटंट औषधं यांच्या जाहिराती बंद. गुन्ह्यांच्या बातम्यांना कात्री. शनिवारी तर पहिल्या पानावर येशूचं डोंगरावरचं प्रवचनच छापलं! बारा हजारांच्या आसपास खपणारा पेपर साडेतीन लाखांच्या वर गेला. शिकागो आणि न्यूयॉर्कलाही छापावा लागला.

पेपर म्हणून तो कंटाळवाणा होता, असं त्या वेळच्या पत्रकारांनी लिहिलं आणि मला ते पटतं. डोंगरावरचं प्रवचन लोकांच्या घरी होतंच की. आज शहरात काय घडलं हे ज्याला हवं होतं, त्याने काय करायचं? शिवाय मालकांना मिळालेली प्रसिद्धी कुणाच्या नजरेतून सुटली नाही. शास्त्रवचन उचलून जसंच्या तसं रोजच्या कामावर चिकटवलं की हे असं होतं.

पण त्याच आठवड्यातली एक गोष्ट मला सोडवत नाही. पहिल्या अंकाच्या पहिल्या पानावर शेल्डनने ठळक बातमी घेतली ती हिंदुस्थानातल्या दुष्काळाची. 1899-1900 चा तो दुष्काळ. संवत 1956, म्हणून गुजरात-राजस्थानात 'छप्पनिया' म्हणतात तो. मुंबई इलाखा त्यात होरपळला होता. पंडिता रमाबाई तेव्हा दौंडजवळ केडगावला दुष्काळातल्या अनाथ मुलींना आसरा देत होत्या. आणि जगाच्या दुसऱ्या टोकाला एक पाद्री आपल्या वाचकांना थोडेथोडे पैसे पाठवायला सांगत होता. पैसे आले आणि कॅन्ससचा मकाही मुंबईकडे रवाना झाला. इथे त्याने कुठलंही वचन छापलं नव्हतं. आजची सर्वांत मोठी बातमी कोणती, एवढंच ठरवलं होतं.

हे त्याला सुचलं कसं, याचं उत्तर कादंबरीच्याही आधी सापडतं. टोपिकाला आल्यावर लवकरच तो जुने कपडे घालून बेकारासारखा शहरात काम मागत हिंडला होता. दिवसचे दिवस नकारच. मग त्याने ट्रामवाले, रेल्वे कामगार, वकील, डॉक्टर असा एकेका मंडळींबरोबर आठवडा काढला. त्याच्या चर्चजवळच टेनेसीटाउन नावाची कृष्णवर्णीयांची वस्ती होती. गुलामगिरी संपल्यावर दक्षिणेकडून आलेली गरीब माणसं. तिथे तो तीन आठवडे राहिला. त्यातून 1893 साली तिथे बालवाडी निघाली. मिसिसिपी नदीच्या पश्चिमेला कृष्णवर्णीय मुलांसाठी निघालेली ती पहिली, असं मानतात.

मनगटपट्टीवाल्यांना पेपरचा आठवडा निदान ऐकून तरी माहीत असतो, बालवाडी बहुतेकांना नसते. मला मात्र हीच त्याची सर्वांत मोठी गोष्ट वाटते, कारण ती सात दिवसांत संपली नाही. त्या बालवाडीत इलायशा स्कॉट नावाचा मुलगा होता. त्याच्या पुढच्या शिक्षणाला शेल्डनने हातभार लावला. तो टोपिकात वकील झाला आणि शाळांमधल्या वर्णभेदाविरुद्ध कोर्टात लढला. त्याचे मुलगेही वकील. 1951 मध्ये टोपिकातल्या पालकांनी शाळामंडळावर भरलेला 'ब्राउन' खटला त्यांतल्या दोघांनी चालवायला घेतला आणि 1954 साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने त्याच खटल्यात गोऱ्या-काळ्या मुलांच्या वेगळ्या सरकारी शाळा घटनाबाह्य ठरवल्या.

शेल्डन हा निकाल पाहायला नव्हता, तो 1946 मध्येच गेला. पण त्या दोन वकील भावांतल्या एकाचं पूर्ण नाव होतं चार्ल्स शेल्डन स्कॉट.