शेंगदाण्यातला धातू कोणता?

प्रथिनाच्या स्फटिकावर क्ष-किरण टाकून मिळालेल्या चित्रात ‘कॅल्शियम’ हे नाव लिहिलेले नसते. ते अनुमान असते. कुर्डुवाडीत चटणीसाठी कुटल्या जाणाऱ्या शेंगदाण्यातल्या लेक्टिन या प्रथिनाची रचना बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील एम. विजयन यांच्या गटाने 1994 मध्ये प्रसिद्ध केली. शेंगवर्गीय लेक्टिनांत साखर धरणाऱ्या जागेजवळ कॅल्शियम आणि मँगनीज शेजारी-शेजारी बसतात. क्ष-किरणांना मात्र इलेक्ट्रॉनांचा ढग तेवढा दिसतो. आणि सोडियमचा आयन, मॅग्नेशियमचा आयन, पाण्याचा रेणू या तिघांत इलेक्ट्रॉन सारखेच, 10. म्हणून अंतरे मोजायची: ऑक्सिजनपासून मॅग्नेशियम साधारण 2.1 अँगस्ट्रॉमवर, कॅल्शियम 2.4 च्या आसपास, पाणी 2.8 वर.

यावर आक्षेप असा की चित्र अस्पष्ट असेल तर संगणक ही अंतरे आधीच गृहीत धरलेल्या धातूप्रमाणे जुळवून घेतो. आक्षेप रास्त आहे. शिवाय सोडियमही 2.4 वरच सापडतो. त्यामुळे शेजारी किती आणि कोण, हे पाहावे लागते. हिस्टिडिन या अमिनो आम्लाचा नायट्रोजन मँगनीजला चालतो, कॅल्शियमला सहसा नाही. त्याहून भक्कम साक्ष म्हणजे क्ष-किरणांच्या 6.54 किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेच्या अलीकडे व पलीकडे घेतलेली दोन मापने: मँगनीजचा विसंगत विकिरणाचा संकेत तिथे एकदम उसळतो, कॅल्शियमचा नाही. ‘द्रावणात कॅल्शियमच घातले होते’ हा युक्तिवाद मात्र मला लंगडा वाटतो. शुद्धीकरणात मूळचा धातू निघून जाऊन दुसरा घुसू शकतो.