देणे लागतो

रेडिओवर बोलण्यासाठी विषय विचारला गेला तेव्हा मी म्हटले, ‘पाहिजे’ या शब्दावर बोलतो. कवीने पावसावर बोलावे अशी अपेक्षा असणार. पण या शब्दाने मला एकदा तोंडघशी पाडले आहे.

आमचे घर धुळ्याचे. वडील यंत्रमागावर कामाला. मी नववीत असताना त्यांच्या थकलेल्या रकमेसाठी एका कचेरीत अर्ज द्यायचा होता. घरात इंग्रजी शिकणारा पहिला मुलगा मी. इंग्रजीत लिहिले तर साहेब लवकर बघेल, हे मीच सुचवले. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला पुढ्यात ठेवली आणि मनातली वाक्ये उतरवली : रक्कम मिळाली पाहिजे, आपण लक्ष घातले पाहिजे. ‘पाहिजे’ला ‘मस्ट’. पाच ओळींत चार वेळा. कारकुनाने अर्ज मोठ्याने वाचला आणि विचारले, ‘साहेबांना हुकूम सोडतो का रे?’ सगळे हसले. वडीलही हसले, कारण सगळे हसत होते. अर्ज परत मिळाला. रकमेचे पुढे काही झाले नाही.

चूक माझी होती, पण एकट्याची नव्हती. मराठीत चहा पाहिजे, औषध घेतले पाहिजे, थोरांचे ऐकले पाहिजे. सगळीकडे शब्द एकच. विनंती की ताकीद, ते आवाज ठरवतो. इंग्रजीत त्यासाठी निरनिराळे शब्द, आणि कागदाला आवाज नसतो.

गंमत म्हणजे ‘पाहिजे’ हा मुळात हुकूम नाहीच. जुन्या मराठीत क्रियापदाला ‘इजे’ लागून कर्मणी रूप होई : करिजे, बोलिजे, म्हणिजे. पाहिजे म्हणजे पाहिले जाते, शोधले जाते. म्हणून हवे असते. ‘म्हणिजे’चे आपण ‘म्हणजे’ केले. शिवकालीन पत्रांत शेवटी येणारे ‘जाणिजे’ याच घराण्यातले. असले कागद इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावोगाव हिंडून जमवले, १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ म्हणून छापले, ज्ञानेश्वरीच्या भाषेचे व्याकरणही लिहिले. ३१ डिसेंबर १९२६ रोजी त्यांनी देह ठेवला तो आमच्या धुळ्यातच. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ सायकलने दहा मिनिटांवर होते. मी तिथे पहिल्यांदा गेलो बी.ए. झाल्यावर. आधी जायला पाहिजे होते.

या शेवटच्या वाक्यासाठी इंग्रजीत ‘शुड हॅव’ लागते. आम्हाला ते फळ्यावरच्या तक्त्यातून शिकवले, परीक्षेत दोन गुणांना. त्यामागचा इतिहास कोणी सांगितला नाही. ‘शुड’ हे ‘शॅल’चे जुने भूतकाळी रूप, आणि ‘शॅल’चा फार जुना अर्थ देणे असणे. ‘ऑट’ तर ‘ओ’ या, उसने देणे असण्याच्या क्रियापदाचाच भूतकाळ. म्हणजे इंग्रजांचे कर्तव्य सावकाराच्या ओट्यावर जन्मले. आणि आपले? ‘मला जावे लागते’ असे आपण म्हणतो, आणि वाण्याला सांगतो, ‘तुमचे वीस रुपये देणे लागतो.’ लागणे तेच. आमच्या घरात फर्ज आणि कर्ज हे दोन शब्द बहुतेक एकाच वाक्यात येत.

गल्लीतल्या अहिराणीत जबाबदारी लागत नाही, पडते : ‘माले जानं पडी.’ घरच्या हिंदुस्तानीतही ‘जाना पडता’. ओझे अंगावर पडावे तसे.

क्षमतेच्या बाबतीत मात्र मराठी वरचढ. ‘मला पोहता येते, पण पांझरेला पूर आहे, आज पोहू शकत नाही.’ आपण ‘येणे’ आणि ‘शकणे’ वेगळे ठेवले. इंग्रजी दोन्हीकडे ‘कॅन’वर भागवते, ‘कॅन’चा मूळ अर्थ ‘जाणणे’, म्हणजे आपल्या ‘येते’च्या जवळचाच.

राज्यातल्या मराठी शाळांत २००० पासून पहिलीपासूनच इंग्रजी आले. जळगावला असलेली माझी नात ‘मे आय’ असे विचारून पाणी प्यायला उठते. मला ते ऐकून बरे वाटते आणि थोडा हेवाही वाटतो.

कचेरीतून परतताना वडील एवढेच म्हणाले होते, ‘मराठी में लिखना था, बेटा.’ आमच्या बोलीत ‘लिखना था’ म्हणजे लिहायला हवे होते, आणि लिहायचे ठरले होते, असेही. त्यात ‘तू’ नाही, ‘मी’ नाही. दोष कोणाचा, ते वाक्य सांगत नाही. वडिलांनी ते मुद्दाम तसे म्हटले की भाषाच तशी आहे, हे विचारायचे राहिले.

अर्जाचा तो कागद अजून माझ्याजवळ आहे. आता मला तो नीट लिहिता येतो. तीन ठिकाणी ‘मस्ट’ काढून ‘कुड’ घालीन. चौथे वाक्य रकमेचे आहे. तिथला ‘मस्ट’ राहू देईन.