बाळ घरात, रंगारी दारात : जुन्या रंगाची गोष्ट



घराचं काम काढायला आपल्याला निमित्त लागतं, आणि बाळ येणार हे त्यातलं सगळ्यात मोठं निमित्त. सून पाचव्या-सहाव्या महिन्यात असते तेव्हाच घरात बोलणी सुरू होतात. ओल आलेली भिंत, स्वयंपाकघराचा ओटा, बाथरूमची फरशी, आजेसासऱ्यांच्या काळातली दारं-खिडक्या, सगळं बाळ येण्याआधी उरकायचं ठरतं. गवंडी म्हणतो तीन आठवडे, सुतार म्हणतो महिना. मग पाऊस लागतो, फरशी वेळेवर येत नाही, पेंटर गावच्या यात्रेला जातो. बाळ मात्र आपल्या वेळेवर येतं. बारसं होतं, ४५ दिवस झाले की देवदर्शन होतं, आणि एक दिवस आई बाळाला घेऊन सासरी येते. तेव्हा घरात एका खोलीत पाळणा असतो आणि शेजारच्या खोलीत दार घासण्याचं काम चालू असतं.

अशा वेळी कुणी नवी आई म्हणाली की, "काम संपेपर्यंत मी आईकडेच राहते," तर उत्तर ठरलेलं असतं : "अगं, आमची मुलं नाही का वाढली याच घरात? दरवर्षी रंग लागायचा." हे म्हणणाऱ्या सासूबाई मनाने वाईट नसतात. त्या म्हणतात ते खोटंही नसतं. पण त्यांच्या आठवणीतली भिंत आणि आज घासली जाणारी भिंत एकच आहे का, हे बघायला हवं. आजच्या लेखात तेवढंच बघू.

चुन्याचे दिवस

आपल्याकडच्या जुन्या घरांत भिंती मातीच्या किंवा दगड-चुन्याच्या. जमीन शेणाने सारवलेली. भिंतीला पांढरी माती नाहीतर चुना. कळीचा चुना आणायचा, पिंपात पाणी घालून विरवायचा, त्यात थोडा डिंक, थोडी नीळ, आणि कुंच्याने हात मारायचा. पाणी पडताच चुना रटरट उकळतो, त्याचा थेंब डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. म्हणून चुना विरवताना पोरांना लांब पिटाळायची पद्धत होती. पण एकदा भिंतीवर बसून वाळला की चुन्याचा जाच संपला. त्याचे पोपडे पडले तर झाडून टाकायचे आणि पुढच्या वर्षी पुन्हा हात द्यायचा.

शिवाय पहिलं बाळंतपण माहेरी. सासरच्या घरात कौलं परतणं, सारवण, चुना असं काहीही चाललेलं असलं तरी बाळ कित्येक महिने दुसऱ्या गावी असायचं. ही रीत कुणी धुळीचा विचार करून घातली असेल असं नाही, पण तिचा फायदा बाळाला आपोआप मिळत होता.

मग तेलरंग आला. चुना अंगाला लागायचा, तेलरंग लागत नव्हता. ओल्या फडक्याने पुसता येई, चकाकी राही, वर्षानुवर्षं टिके. जिन्याचे कठडे, दारं, खिडक्यांचे गज, लाकडी पाळणे, भिंतीचा खालचा पट्टा, जिथे जिथे हात लागतो तिथे तिथे तेलरंग गेला. लोखंड गंजू नये म्हणून आधी तेलात कालवलेला शेंदूर लावत. आणि शेंदूर म्हणजे शिशाचीच भुकटी, हे आपल्यापैकी किती जणींना ठाऊक असतं? पांढऱ्या तेलरंगात शिशाचा सफेदा असे, पिवळ्या-केशरी रंगांतही शिशाचे क्षार असत. शिशामुळे रंग दाट बसायचा, लवकर वाळायचा आणि टिकायचा. जो गुण म्हणून विकला जात होता, दोषही त्याच्याच पोटात होता.

व्हरांड्याचा कठडा

हा दोष आधी दिसला तो दूर ऑस्ट्रेलियात. क्वीन्सलँड प्रांत उष्ण, घरं लाकडी, आणि प्रत्येक घराला रंगवलेल्या कठड्याचा व्हरांडा. मुलं दिवसभर तिथेच खेळायची. १८९० नंतरच्या दशकात ब्रिस्बेनच्या डॉक्टरांकडे काही मुलं येऊ लागली. पोटात कळा, हातापायांतली शक्ती गेलेली, काहींची नजर अधू झालेली. डॉ. जेफरिस टर्नर यांनी हे शिशाचं विष असल्याचं ओळखलं, पण ते मुलांच्या पोटात जातं कुठून हे कळत नव्हतं. १९०४ मध्ये डोळ्यांचे डॉक्टर लॉकहार्ट गिब्सन यांनी बोट दाखवलं ते घराच्याच रंगाकडे. उन्हाने कठड्याच्या रंगाची भुकटी होते, ती मुलांच्या बोटांना चिकटते, आणि मुलं बोटं चोखतात, नखं खातात.

इतकं साधं उत्तर, पण ते पटवायला वर्षं गेली. अखेर १९२२ मध्ये क्वीन्सलँडने मुलांचा हात पोहोचेल अशा जागी शिशाचा रंग लावण्याला कायद्याने आळा घातला. त्याआधी १९२१ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने इमारतींच्या आतल्या रंगकामात शिशाचा सफेदा वापरू नये असा करार केला होता. तो मुख्यतः रंगाऱ्यांच्या जिवासाठी होता.

अमेरिकेत मात्र याच काळात शिशाच्या रंगाची जोरात जाहिरात होत होती. 'डच बॉय' या प्रसिद्ध छापावर हातात ब्रश घेतलेल्या एका गोंडस मुलाचं चित्र असे. ज्या मुलाला त्या रंगाचा सगळ्यात जास्त धोका, त्याचाच चेहरा डब्यावर होता.

दुधाचे दात

पुढची अनेक वर्षं डॉक्टरांचा समज असा होता की, शिशाने आजारी पडलेलं मूल वाचलं म्हणजे ते बरं झालं. १९४३ मध्ये बोस्टनमध्ये रँडॉल्फ बायर्स हे डॉक्टर आणि एलिझाबेथ लॉर्ड या मानसशास्त्रज्ञ बाई, दोघांनी मिळून अशी 'बरी झालेली' २० मुलं पुन्हा तपासली. त्यातली १९ शाळेत मागे पडत होती. कुणाचं लक्ष लागत नव्हतं, कुणी चिडकं झालं होतं. ताप उतरल्यासारखं विष उतरलं नव्हतं.

१९७९ मध्ये हर्बर्ट नीडलमन यांनी याच्या पुढचं पाऊल टाकलं. बोस्टनजवळच्या दोन गावांतल्या पहिली-दुसरीच्या मुलांचे पडलेले दुधाचे दात त्यांनी गोळा केले आणि त्यांतलं शिसं मोजलं. ही मुलं आजारी नव्हती, धडधाकट होती, रोज शाळेत येत होती. तरी ज्यांच्या दातांत शिसं जास्त, ती बुद्धीच्या चाचणीत मागे होती आणि त्यांचं वर्गात लक्ष राहत नाही असं शिक्षिका सांगत होत्या. आपण पडलेला दात कौलावर फेकतो. नीडलमन यांनी त्याच दातात मुलाच्या पहिल्या काही वर्षांचा हिशेब वाचला.

त्याच्या एक वर्ष आधी, १९७८ मध्ये, अमेरिकेने घरगुती रंगात शिसं घालण्यावर बंदी आणली होती. आज जागतिक आरोग्य संघटना सांगते की शिशाची सुरक्षित अशी कोणतीच मात्रा नाही, आणि पोटात गेलेल्या शिशापैकी लहान मुलाचं शरीर मोठ्या माणसाच्या चार-पाच पट शोषून घेतं. आईच्या हाडांत साठलेलं शिसं गरोदरपणात बाळापर्यंतही पोहोचतं.

कुत्र्याने दिलेली खूण

बंदी आली म्हणजे प्रश्न मिटला असं आपल्याला वाटतं. पण बंदी डब्यातल्या रंगाला असते, भिंतीवर आधीच बसलेल्या रंगाला नसते. १९९० मध्ये अमेरिकेतल्या सार्वजनिक आरोग्याच्या एका नियतकालिकात एका कुटुंबाची हकिगत छापून आली. त्यांनी एकोणिसाव्या शतकातलं एक दुमजली शेतघर दुरुस्तीला काढलं. दारं, चौकटी, भिंती यांवरचे रंगाचे थर यंत्राने घासून, गरम हवेने आणि ज्योतीने मऊ करून, पार लाकडापर्यंत काढले. कामाच्या बऱ्याचशा काळात कुटुंब दुसरीकडे राहत होतं. पण काम पुरतं संपण्याआधीच ते परत राहायला आले, आणि रंगाची धूळ घरभर तशीच होती.

पहिल्यांदा त्यांच्या कुत्र्याला झटके येऊ लागले. प्राण्यांच्या डॉक्टरने तपासलं तर शिशाचं विष निघालं. मग माणसांचं रक्त तपासलं, तर मुलांच्या रक्तातही शिसं फार वाढलेलं. मुक्या प्राण्याने खूण दिली नसती तर आणखी किती दिवस गेले असते?

या हकिगतीत मला दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. एक, त्या कुटुंबाला काळजी नव्हती असं नाही, ते घराबाहेर राहिले होते, फक्त काम संपण्याआधी परतले. दोन, तो रंग कित्येक वर्षं लाकडावर गुपचूप बसलेला होता. त्याला धूळ बनवलं ते दुरुस्तीने. जुन्या पिढीने हौसेने लावलेला थर घरातल्या सगळ्यात लहान जिवाच्या श्वासात गेला. पुढे २०१० पासून अमेरिकेत नियम झाला की, १९७८ आधीच्या घरात पैसे घेऊन असं काम करणाऱ्याने त्याचं प्रशिक्षण घेतलेलं असावं आणि रंग ज्योतीने जाळून काढू नये.

आपल्या भिंती

भारतात घरगुती आणि सजावटीच्या रंगांतल्या शिशावर कायद्याची मर्यादा आली ती २०१६ च्या नियमांनी. १ नोव्हेंबर २०१७ पासून ती लागू झाली : दहा लाख भागांत ९० भाग. म्हणजे आज आपल्या गावातल्या दारा-खिडक्यांवर आणि कठड्यांवर जो तेलरंग आहे, त्यातला बराचसा या नियमाच्या आधीचा. आणि हल्ली तर हौस अशी की आजोबांच्या काळचं सागवानी दार खरवडून मूळ लाकूड दाखवायचं. हौस चांगलीच आहे. पण त्या शेतघरातही नेमकं हेच चाललं होतं.

आता सासूबाईंच्या बोलण्याकडे परत येऊ. त्यांच्या वेळी दरवर्षी रंग लागायचा हे खरं. पण तो बहुधा चुना होता आणि जुन्या थरावर नुसता नवा हात दिला जायचा. खालचा थर कुणी यंत्राने घासत नव्हतं. हे त्यांना नीट सांगितलं तर त्या ऐकतात, असा माझा अनुभव आहे. वाद सुनेशी होतो, नातवाच्या भल्याशी कुठल्याच आजीचा वाद नसतो.

आपल्याला हे समजायला खरं तर इतरांपेक्षा सोपं जावं. घर बांधणं, चूल पेटवणं यांत घडणाऱ्या हिंसेला आपण आरंभी हिंसा म्हणतो. गृहस्थाला ती पूर्ण टाळता येत नाही, म्हणून यत्नाचार सांगितला आहे : बघून, जपून, जितकं कमी करता येईल तितकं. डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांसाठी आपण पिढ्यान्‌पिढ्या पाणी गाळून पितो. मग न दिसणाऱ्या धुळीचा विचार आपल्याला परका का वाटावा?

यत्नाचार इथे अगदी घरगुती आहे. जुना तेलरंग घासायचा असेल त्या दिवसांत बाळ आणि गरोदर बाई त्या घरात नसावी, आणि शेवटची साफसफाई होईपर्यंत परत येऊ नये. थर उखडलेला नसेल तर तो न खरवडता त्यावरच नवा रंग देता येतो. घासायचाच असेल तर कोरडा नको, पाणी मारून घासावा, आणि ज्योत लावून कधीच नाही. खोलीचं दार प्लास्टिकने बंद करावं, पाळणा, अंथरूण, खेळणी आधीच बाहेर काढावीत. नंतर कोरडा झाडू मारला तर धूळ उडून पुन्हा बसते, म्हणून ओल्या फडक्याने दोन-तीनदा पुसून घ्यावं आणि फडकी टाकून द्यावीत. रांगतं बाळ असेल तर त्याचे हात वारंवार धुवावेत. काम आधीच होऊन गेलं असेल आणि शंका वाटत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना विचारून रक्तातलं शिसं तपासून घेता येतं.

आणि एक शेवटचं. हे सगळं आपण आपल्या बाळासाठी करू. पण दिवसभर दार घासणारा पेंटर संध्याकाळी त्याच कपड्यांनी घरी जातो, आणि दारातच त्याचं लेकरू त्याच्या अंगावर झेप घेतं. १९२१ चा करार रंगाऱ्यासाठी झाला होता, हे म्हणूनच लक्षात ठेवायचं. त्याला पाणी मारून काम करायला सांगा, तोंडाला चांगला मास्क द्या, जाण्याआधी हातपाय धुवायला साबण आणि कपडे बदलायला आडोसा द्या. त्यासाठी कामाला दोन दिवस जास्त लागले तर लागू देत.